कुलूपबंद गल्लीत स्थलांतरित शून्य

बुधवार, ३ डिसेंबर, सकाळी साडेअकरा. अहमदपूर तालुक्यातल्या ज्या गावात मी गेल्या हिवाळ्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, तिथून फोन आला: मुलांचं हंगामी वसतिगृह यंदा उघडणार नाही. सर्वेक्षणात गावातली स्थलांतरित कुटुंबं शून्य निघाली. मी पिशवी भरली, गुरुवारी सकाळी निघाले.

नांदेडहून लोह्यामार्गे एसटीनं जा. बायकांना अर्धं तिकीट. खिडक्या नीट बंद होत नाहीत, शाल घ्या. अहमदपूरच्या स्थानकाबाहेर गरम सुशीला मिळते, चुरमुऱ्यांची, वर शेंगदाणे. पुढं शेअर रिक्षा.

गल्लीत ओळीनं कुलपं. उघडं दार एकच, गयाबाईंचं. त्यांची नात पूजा सातवीत, माझी विद्यार्थिनी. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले. वसतिगृहाच्या भरवशावर तिला मागं ठेवलं. गयाबाईंना धड दिसत नाही. येत्या १३ तारखेला, शनिवारी, मुकादमाची पिकअप पूजाला आईबापाकडं उसाच्या फडावर न्यायला येणार आहे.

"मोजायला कुणी आलं नव्हतं?" मी गयाबाईंना विचारलं.

"आलता की एक साहेब. कुलपं बगितली, फोटू काढले, गेला."

"तुम्हाला काही विचारलं नाही?"

"मला काय इचारतंय? मी तर हितंच हाय."

भाकरी थापत पूजा म्हणाली, "मॅडम, नाव हितल्या हजेरीत अन् मी फडावर. दोन्हीकडं गैरहजर."

रात्री तिथंच राहिले. शुक्रवारी चाकूरमार्गे लातूर. संबंधित कार्यालयात तासभर बाकावर बसवलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला रांगेत उभं राहायला शिकवलं. गप्प बसायला शिकवायचं राहून गेलं.

"मॅडम, घर बंद असलं की नोंद घेता येत नाही," कारकून म्हणाले.

"घरं बंद का आहेत?"

"लोक ऊसतोडीला गेल्यावर बंदच राहणार की."

"मग स्थलांतरित सापडले."

"ते मी सांगून राहिलो. सर्वेक्षणात नाही ना आलं."

संध्याकाळच्या बसनं नांदेडला परतले. पाठ अजून दुखतेय, राग तर उतरतच नाही. लोक निघून गेल्यावर त्यांना मोजायला जाणं ही चूक नव्हे, सोय आहे. दिवाळीआधी मोजा. शेजाऱ्यांना विचारा. सुट्टीनंतर शाळेत न परतलेली मुलं शोधा, आणि ती ज्या कारखान्याच्या गावी गेली तिथल्या शाळेला कळवा.

कार्यालयाला तेच पोस्टानं धाडलंय. शुक्रवार, १२ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं: फेरगणती कधी, वसतिगृह कधी, आणि तोवर पूजा कुठं राहील. 'विचाराधीन आहे' हे उत्तर मी धरणार नाही. पिकअप दुसऱ्या दिवशी सकाळी येते.