थंड बशीवरचा थेंब

शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या घरी आलुबुखाराचा जॅम नेमका कोणी सुरू केला, याविषयी एकवाक्यता नाही. ताई आईचे नाव घेतात. त्यांचे यजमान, घड्याळे दुरुस्त करणारे, सासूबाईंना साधा पाकही जमत नव्हता असे शपथेवर सांगतात. दोघांच्या सांगण्यात एक गोष्ट मात्र जुळते: जॅम आळला की नाही, याचा निवाडा दर उन्हाळ्यात ताईंचा धाकटा भाऊच करी. थंड बशीवर थेंब टाकायचा, बशी कलती करायची. थेंब ओघळला नाही, तर शेगडी बंद.

भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला. हिवाळ्याअखेर त्याचा शेवटचा फोन आला. "ताई, मी आल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही हं! गेल्या खेपेला माझ्या वाटणीला सगळी चेचलेलीच ठेवली होतीस." त्यानंतर त्याचा फोन लागलेला नाही. 'चौकशी चालू आहे', एवढेच जहाज कंपनी कळवते.

ताईंनी अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला हात लावला नाही. फळे पिकली, मऊ पडली, गळू लागली.

"अहो ताई, अति पिकलेल्या फळाचा जॅम आळत नाही," शेजारीण कुंपणावरून म्हणाली. "काढा आता."

"त्याला येऊ दे."

अंगणात माश्या घोंगावू लागल्या, तेव्हा यजमानांनीच शिडी लावली. ताईंनी अडवले नाही. फक्त अबोला धरला.

आज सकाळपासून पातेले शेगडीवर आहे. लिंबे पिळून झाली, जॅम आळावा म्हणून त्यांच्या बिया फडक्यात बांधून रसात सोडून झाल्या. ढवळून ढवळून ताईंच्या तळहाताला फोड आले. तळ लागल्याचा वास शिलाई यंत्रावरच्या अर्धवट झग्यापर्यंत पोहोचला.

"अगं, सरबत म्हणून खपवू," यजमान म्हणाले, आणि विनोद आपल्याच अंगावर आल्यासारखे वरमले. "बंद कर आता. जॅमच आहे तो."

"आळला तर तो येईल."

इतक्या दिवसांत हे त्या प्रथमच मोठ्याने बोलल्या.

यजमानांनी गारठवलेली बशी आणून दिली. ताईंनी थेंब टाकला आणि काठोकाठ भरलेले भांडे धरावे तशी बशी दोन्ही हातांनी सपाट धरली.

"कलती कर ना."

"थांबा. अजून गार व्हायचाय."

थेंब केव्हाच गार झाला होता.