मधलं कार्ड आणि बाबांची बार्ज

आमच्या बैठकीच्या खोलीत रोज दुपारी, जेवणं आटोपली की, एक बार्ज वाळूत रुतायची.

बार्ज म्हणजे खनिज वाहणारी ती लांबोडकी, सपाट बोट. माझ्या बाबांनी जन्मभर तिचंच सुकाणू धरलं. आमोण्याच्या धक्क्यावर लाल माती भरायची, मांडवीतून खाली जायचं, बंदरातल्या मोठ्या जहाजात ओतायची आणि परत यायचं. पावसाळ्यात नदीच्या तोंडाशी समुद्र खवळला की कुंभारजुव्याच्या कालव्यातून. मग खाणी बंद पडल्या, बार्जी काठाला लागल्या आणि पाठोपाठ बाबांचं हृदयही मंद चालायला लागलं. डॉक्टरांनी धक्क्यापर्यंतचा उतारसुद्धा बंद केला. घरातून नदी दिसत नाही. मध्ये शेजाऱ्यांचा बंगला आहे. (रंग पोपटी.)

माझी मुलगी तन्वी नोकरीसाठी पुण्याला जाताना आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर बोट चालवायचा एक खेळ टाकून गेली. "आजोबा, घरबसल्या चालवा!" पहिल्या दिवशी बाबांनी त्यासाठी बटणांचा शर्ट घातला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फटूकाकांना बोलावलं. फटूकाका म्हणजे बाबांच्या बार्जवरचे इंजिनवाले. इंजिनाशेजारी आयुष्य काढल्यामुळे त्यांना आता इंजिनाखेरीज काहीच ऐकू येत नाही. माऊस बाबांकडे, कीबोर्ड काकांकडे, अशी वाटणी झाली.

"फटू, मंद कर!"

"आं?"

"मंद रे, मंद!"

"मंद कितें, बंदच पडलें!"

खरंच बंद पडलं होतं. नदीच्या वळणावर झाडं, घरं आणि पाणी एकदम आलं की तो म्हातारा कॉम्प्युटर जागीच गोठायचा. मी धावलो. "बाबा, हँग झाला. थांबा, रीस्टार्ट करतो."

बाबांनी माझं मनगट धरलं. "हात लावू नको. रुतली ती. भरती येऊं दी."

"बाबा, हा कॉम्प्युटर आहे!"

"म्हाका कळता रे, डबो आसा तो. मी काय पिसो? पण डबो जांव, बोट जांव, रुतली की ओढूं नये. तळ फाटता. बसून रावचें. उदक येता."

आणि दोघे बसले. माझी बायको माधवी चहा आणि उंडे, म्हणजे गोल कडक पाव, घेऊन आली. उंडे चहात बुडाले, गप्पा निघाल्या. कोणत्या वळणावर कोण पाण्यात पडला, कोणाच्या हातचं माशांचं हुमण चांगलं होतं, कोण आता राहिला नाही. बऱ्याच वेळाने कॉम्प्युटर आपसूक सुटला आणि बार्ज हलली! घराण्यात भरती-ओहोटी न कळणारा एक तरी निपजतोच, अशा नजरेने बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

आता, मी एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. अडकलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. मी यादी केली, चौकशी केली आणि निष्कर्ष काढला : ग्राफिक्स कार्ड बदललं पाहिजे. कोणतं घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. तीन वस्तू समोर आल्या तर मधली घ्यायची, हा माझा नियम आहे. मिक्सर मधला, स्कूटर मधली, भावंडांत मी मधला. (लग्नाच्या वेळी मी तीन मुली पाहिल्या होत्या. माधवी यावर पुढे काही विचारत नाही.)

डिचोलीच्या दुकानातला विक्रेता कोल्हापूरकडचा होता. त्याने तीन खोकी मांडली.

"साहेब, खालचं घेतलासा तर पुढच्या वर्षी रडशीला. वरचं घेतलासा तर आत्ताच रडशीला."

"आणि मधलं?"

"मधलं घेणारा रडत न्हाई. नुसता इचार करत बसतोय."

मी मधलं घेतलं. जुनं कार्ड बदल्यात दिलं.

घरी आल्यावर कळलं की कार्ड डब्यापेक्षा लांब आहे. मी टेबल मोजलं होतं, खिडकीपासूनचं अंतर मोजलं होतं, उन्हाची तिरीप कुठवर येते तेही पाहिलं होतं. डब्याचं पोट तेवढं मोजायचं राहिलं! मग करवतीने आतला पत्रा कापला. त्यामुळे झाकण बसेना. झाकण काढून ठेवलं, तर वीज पुरेना. वीज पुरवणारा भाग बदलला, तर भिंतीतला प्लग तापून वास मारायला लागला. घरात दमदार प्लग एकच, फ्रिजचा.

"म्हणजे मामंजींची बोट सुटली की माझे बांगडे उकडणार?" माधवी म्हणाली.

"दुपारी थोडा वेळच."

"बांगड्यांना सांगा तसं!"

पण कार्ड चाललं! पाण्यावर लाटा उठल्या, लाटांवर ऊन पडलं, काठावरच्या झाडांच्या सावल्या हलायला लागल्या. बाबा पडद्याजवळ वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"उदक दिसता," ते म्हणाले.

माझी छाती फुगली. बार्ज निघाली. वळण आलं, गेलं. पूल आला, गेला. कुठे म्हणून अडली नाही. समुद्र लागला.

"पावलों?" फटूकाकांनी विचारलं. "इतक्यात?"

स्वयंपाकघरात चहाला उकळीही आली नव्हती. काका जरा उभे राहिले, टोपी घातली आणि गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांचं येणं बंद झालं. बाबा एकटेच दोन-चार फेऱ्या करून आले. एक दिवस तेही पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"बाबा, आज बार्ज नाही काढायची?"

"ती रुतनाच," बाबा भिंतीला म्हणाले. "मग म्हातारो कित्याक जाय?"

रुतायचीच नसेल तर म्हातारा कशाला हवा, याचं उत्तर माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. त्या दिवशी बाबा अर्धी पेज टाकून उठले. दुसऱ्या दिवशी तीही नको म्हणाले.

मी परत डिचोली गाठली. "यापेक्षा वाईट कार्ड दाखवा."

विक्रेत्याने खोकं उलटंपालटं केलं. "बिघडलंय काय?"

"नाही. उत्तम चालतंय."

"मग?"

"तेच तर! माझं जुनं कुठे आहे?"

"भंगारात गेलं की. साहेब, बसा. पाणी पिशीला?"

पाणी पिऊन बाहेर आलो आणि तन्वीला फोन लावला. ती आधी खूप हसली. मग हसायची थांबली. मग म्हणाली, "पप्पा, नवं घेऊ नका. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्याची पातळी वर टाका. पाणी वर, सावल्या वर, झाडं वर. मधलं कार्ड आहे, गुडघे टेकेल."

जन्मभर मी मधल्या वस्तू घेतल्या, पण त्यांचा हा गुण मला कोणी सांगितला नव्हता! घरी जाऊन सगळं वर टाकलं. बाबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. बार्ज निघाली, वळणावर आली आणि गच्च थांबली.

"रुतली!" बाबा ओरडले. बारशाच्या घरातसुद्धा एवढा आनंद मी पाहिलेला नाही. "अरे, फटूक फोन कर!"

फटूकाकांचे गुडघे तात्काळ बरे झाले. चहा आला, उंडे आले.

"एवढं सगळं केलंत, ते पुन्हा बंद पडण्यासाठी?" माधवीने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"हो."

"आणि माझा फ्रिज?"

"तोही बंदच."

तिने दोन उंडे जास्त गरम केले.

तो पावसाळा बाबांनी वाळूत काढला. गणपतीची चवथ झाली. त्यानंतरच्या एका रविवारी मी घरी होतो. बार्ज वळणावर रुतली होती, काकांना डुलकी लागली होती आणि बाबा माऊसवर हात ठेवून पडद्याकडे पाहत होते. मी चहा ठेवला. "बाबा, चहा." त्यांनी उत्तर दिलं नाही. भरतीची वाट पाहताना ते लगेच बोलत नसत. थोड्या वेळाने पाहिलं, तर चहावर साय धरली होती. मी पुन्हा हाक मारायला वाकलो.

"नाका रे," काका एक डोळा किलकिला करून म्हणाले. "भरती येऊं दी."

तेवढ्यात पडदा सुटला. पाणी हललं, सावल्या हलल्या, बार्ज पुढे निघाली. बाबांचा हात हलला नाही. बार्ज हळूहळू वळणाबाहेर गेली आणि काठावर घासली. बाबांनी जन्मात कधी बार्ज काठाला घासू दिली नव्हती. तेव्हा आम्हाला कळलं.

फटूकाकांनी हात लांब करून कीबोर्डवरचं बटण दाबलं. "बंद केलें रे, इंजिन," ते बाबांना म्हणाले. पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात.

बाबांचे दिवस झाल्यावर माधवीने फ्रिज पुन्हा त्याच्या प्लगला लावला आणि लावता लावता तिथेच खाली बसून रडली. कॉम्प्युटर कोणाला तरी देऊन टाकायचा आहे. माझ्या यादीत ते काम सगळ्यात वर आहे आणि वरच राहिलं आहे. फटूकाका अजून कधीमधी दुपारी येतात, बंद पडद्यासमोर बसतात, चहा पिऊन जातात.

बाकी माझं काम नीट चालू आहे. फक्त स्टोअरमधला कॉम्प्युटर हँग झाला की पंचाईत होते. फाटकावर ट्रक खोळंबतात, ड्रायव्हर शिव्या घालतात, सगळे ओरडतात, "अहो, रीस्टार्ट करा!" मी माऊसवरून हात काढतो आणि चहा मागवतो. परवा मॅनेजरने लेखी खुलासा मागितला. मी एका ओळीत दिला : "ओहोटी होती." तो त्यांना पटलेला नाही. मॅनेजर बेळगावकडचे आहेत. त्यांच्याकडे भरती येतच नाही, त्याला मी काय करणार!