मामाजींचे भेव

माझे मामाजी, म्हणजे सासरे, भीती वाटली की ती मोठ्याने सांगून टाकत. मोटरच्या पेटीला हात लावण्याआधी, भरल्या विहिरीत डोकावताना, एसटी जरा जोरात वळली तरी, "मले भेव लागते बाप्पा!" वावरातली माणसे हसत. मी सेलूची. आमच्या घरी घाबरत सगळेच, पण कबूल कोणी करत नसे. लग्नानंतर वर्षभर मला या माणसाची लाजच वाटली.

आणि हाच माणूस घोडी पाळून होता! देवळीजवळच्या आमच्या गावात ते वांगी नि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचे आणि लग्नसराईत मैनेला वरातीला न्यायचे. मैना पांढरी, उंच, तापट. रोज सकाळी ते गोठ्याबाहेर थांबून विचारत, "मैना, मी आलो वं. येऊ का अंदर?" तिने मान वळवल्याशिवाय पाऊल आत नाही. इतक्या वर्षांची ओळख, तरी परवानगी कशाला, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "तिचं वजन पाह्य, अन् माह्यं पाह्य."

एका उन्हाळ्यात, वराती संपता संपता, मैना डावा कान पाडून उभी राहू लागली. डोके सारखे झटकायची, खांबाला घासायची. तिसऱ्या दिवशी कानातून लालसर पाणी आले आणि गोठ्यात उभे राहवेना इतका वास. शेजारचे काकाजी फिनेलची बाटली घेऊनच आले. "ओता अन् मोकळे व्हा." मामाजींनी झाकण उघडले, मैनेच्या कानाकडे पाहिले आणि झाकण परत लावले.

"कानामंदी काय हाय थे मले दिसत नाई," ते म्हणाले. "दिसत नाई त्याच्यावर फिनेल ओताचं मले भेव लागते. ढोरायच्या डाक्टरीणबाईले फोन लाव."

डॉक्टरीणबाई दुपारी स्कूटीवरून आल्या. बारीक चणीच्या होत्या. मला आधी त्यांचीच काळजी वाटली. त्यांनी मैनेच्या तोंडावर पट्ट्यांची म्होरकी चढवायला सांगितली. मामाजींनी हाक दिली, मानेवर हात फिरवला, पण पट्टा दुखऱ्या कानाला लागला मात्र, मैनेने डोके असे फेकले की मामाजी खांबावर जाऊन आदळले. खांद्यात काहीतरी मोडल्याचा आवाज मला दारातून ऐकू आला. मी किंचाळले. उजवा हात छातीशी धरून ते उठले. चेहरा पांढराफटक. पहिले वाक्य होते, "तिले मारू नोका कोणी. दुखते तिले."

मग डाव्या हाताने दोर धरून ते तिच्याशी बोलत राहिले आणि डॉक्टरांनी तिच्या मानेत गुंगीचे इंजेक्शन दिले. हळूहळू मैनेचे डोके खाली आले. संपला धोका, असे मला वाटले. "अशी उभ्याउभ्या पेंगणारी घोडीसुद्धा न सांगता लाथ मारते," डॉक्टर म्हणाल्या. "मागे कोणी जाऊ नका." बॅटरीच्या उजेडात कानात अळ्या वळवळताना मी पाहिल्या. गोचीड चावून जखम चिघळली होती, तीत माशीने अंडी घातली होती. चिमट्याने एकेक अळी काढण्यात तास गेला. "फिनेल ओतले असते तर कान जळला असता," डॉक्टर म्हणाल्या, "आणि आतला पडदा फाटलेला असता, तर घोडीला पुढे धड उभेही राहता आले नसते."

दहा दिवस कान पुसून औषध घालायचे होते. मामाजींचा हात गळ्यात बांधलेला, नवरा नोकरीला नागपूरला. उरले मी.

पहिल्या दिवशी मी ओठ घट्ट मिटून तरातरा आत गेले. मैना मागच्या पायांवर उठली. तिचा खूर माझ्या पावलाशेजारी आदळला आणि मी शेणातच बसले. बाहेर आले तेव्हा दातावर दात वाजत होते.

"तिले काऊन फसवून राह्यली?" मामाजी म्हणाले. "अंदरून भेलेली अन् बाहेरून फौजदार. तिले तं समजते. भेव लागते तं सांगजो तिले. मंग पाय आपोआप हळू पडते."

दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून मी म्हणाले, "मैना, मले खूप भेव लागते." आयुष्यात पहिल्यांदा मी हे कोणाला तरी सांगत होते. मामाजी दाराशी बसून हळूहळू बोलत होते, "खांद्याजवळ राह्य. मानेवर हात ठेव. हात उचलू नोको, तसाच वर ने." मानेपासून कानापर्यंतच्या त्या वीतभर वाटेला अर्धा तास लागला. तिचे कातडे थरथरत होते. औषधाचे थेंब आत गेले. मैनेने डोके झटकले, पण मला ढकलले नाही. दहाही दिवस भीती तेवढीच राहिली. काम मात्र होत गेले. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी बॅटरी विझवली आणि म्हणाल्या, "जखम छान भरलीय."

गेल्या हिवाळ्यात मामाजी गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. आम्हाला नागपूरला राहायला जावे लागणार होते आणि मैनेला त्यांच्या आर्वीच्या भाच्याने घ्यायचे ठरले. तो टेम्पो घेऊन आला. मैना फळीवर पाय ठेवेना. दोघे दोर ओढू लागले, तिसऱ्याने काठी उचलली. "काठी खाली ठेवा," मी म्हणाले आणि दोर हातात घेतला. टेम्पोच्या त्या अरुंद जागेत ती बिथरली असती तर मला पळायला वाट नव्हती. "मैना, मले भेव लागते," मी तिला सांगितले. तिच्याशी बोलत मी वर चढले. मैना थोडी थांबली आणि माझ्या मागोमाग चढली.

मी खाली उतरले तेव्हा भाचा म्हणाला, "वहिनी, घोडीले इतके वर्ष तुमीच पाहत होत्या काय?"

"नाई," मी म्हणाले, "आमचे मामाजी."

आणि ते गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटले, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर.