भिकाबाईची धुरी

हिंगोलीत निजामाची अमदानी होती, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या भागात लेकरू जन्मायचं ते भिकाबाईच्या हातात, आणि पुढे महिनाभर त्या घरावर राज्यही तिचंच. बाळंतिणीने काय खायचं, खोलीत कोणी यायचं, कोणी उंबऱ्यावरूनच परतायचं, सगळं ती ठरवायची. तोंडाने फटकळ, पण अडलेल्या बाईला तिचा नुसता आवाज ऐकून धीर यायचा.

तिचा सारा भरवसा धुरीवर. शेगडीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकायची आणि त्या धुरावर बाळाला अलगद धरायचं. धूर कमी वाटला तर ती भल्याभल्या सासवांना झापायची. सासवा खाली मान घालून ऐकायच्या, ही एक गंमतच.

त्या वर्षी चैत्रात गावावर धूर उतरला. किनवटाकडची जंगलं पेटली आहेत, असं बाजाराला येणारे गाडीवान सांगायचे. आग कोणी पाहिली नव्हती, ती कितीतरी लांब होती. पण डोळे चुरचुरायचे, वाळत घातलेल्या धोतरांना जळका वास यायचा, म्हातारी माणसं ओट्यावर धापा टाकत बसायची. वारा पडलेला, त्यामुळे धूर हलायचं नाव घेईना. लोक दारं लावून घरात बसले.

माझी मावशी मंजुळाबाई तेव्हा बाळंतीण होती. पहिलाच मुलगा, पाचवी नुकतीच पुजलेली. बाहेरचा धूर आत नको म्हणून तिच्या सासूने, गोजरबाईने, खिडकी घट्ट लावली आणि माळवदाच्या छतातल्या उजेडाच्या भोकावर पोतं टाकलं. दुपारी लेकरू खोकायला लागलं. दूध ओढायचं आणि मध्येच सोडून द्यायचं.

भिकाबाईला बोलावणं गेलं. तिने बाळाच्या छातीला कान लावला.

"सर्दी साचली. घाबरू नका, धुरी वाढवा."

तिने धुरी दिली, तसं लेकरू जास्तच खोकलं. तिने आणखी ओवा टाकला. मावशीला स्वतःलाच श्वास घेता येईना, पण भिकाबाईपुढे तोंड उघडायची तिची काय टाप? बाळाच्या बरगड्यांखाली खळगा पडायला लागला. मग त्याचं रडणंच थांबलं.

ओठांचा रंग दिसावा म्हणून भिकाबाईने लेकरू उचललं आणि दार किलकिलं करून उजेडात धरलं. ओठ निळे पडले होते. पण तिथे त्याने एक बरा श्वास घेतला. ती त्याला परत शेगडीपाशी घेऊन आली, तर पुन्हा खळगा. पुन्हा दारापाशी नेलं, पुन्हा जरा बरं. भिकाबाई तिथेच खिळून उभी राहिली. आयुष्यभर जे केलं तेच आपल्या हाताने या लेकराला मारत होतं, हे तिला कळलं.

"शेगडी बाहेर फेका! पोतं काढा! लुगडी भिजवून दाराला लावा, जमिनीवर पाणी शिंपा!"

गोजरबाई दारात आडवी झाली. "येडी झाली का तू? बाळंतिणीच्या खोलीत काहून पाणी? गारठ्यानं जाईल लेकरू! जलमभर तूच सांगितलं ना?"

"व्हय, मीच सांगितलं. आता मीच सांगून राहिले, सरका."

"अन् काही झालं तर?"

"तर साऱ्या हिंगोलीत सांगा, भिकीनं मारलं म्हणून. पण सरका माय, पाया पडते तुमच्या!"

भिकाबाई कोणाच्या पाया पडेल, हे गोजरबाईने स्वप्नातही पाहिलं नव्हतं. ती बाजूला झाली. शेगडी अंगणाच्या टोकाला गेली, दाराला आणि खिडकीला ओली लुगडी लागली. बाहेरून येणारी हवाही धुराचीच, पण ओल्या कापडातून गाळून येणारी. भिकाबाई बाळाला छातीशी उभं धरून बसली. लुगडी वाळायची, मावशी पुन्हा पाणी मारायची. खळगा हळूहळू भरत आला. दिवस कलताना लेकराने टाहो फोडला आणि दुधाला तोंड लावलं. मावशी हमसून हमसून रडली.

गोजरबाई मात्र हसली नाही. भिंतीला टेकून ती लेकराकडे बघत राहिली.

"भिकाबाई," ती म्हणाली, "माझी पहिली पोरगी बी जायच्या आधी अशीच खोकली व्हती. तवा आपण काय केलं गं?"

भिकाबाईने बाळाच्या अंगावरचं दुपटं उगाच सारखं केलं.

"धुरी वाढवली," ती म्हणाली.

गोजरबाई उठली, दाराचं वाळलेलं लुगडं काढलं आणि भिजवायला घेऊन गेली.