मंगलला गहू चालत नाही

लॅबमधल्या बाटल्या धुऊन संपतात, किस्से काही संपत नाहीत बघा! नव्वदच्या दशकात मी नगरला रक्त काढायच्या कामावर होते. आमच्या डॉक्टरबाईंनी मनावर घेतलं, की विशेष मुलांच्या शाळेतल्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. यांच्यात काहींना गहू सोसत नाही, आतडं बिघडतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. रक्तातून त्याचा अंदाज येतो. झालं, आमची वरात निघाली!

*

बाईंनी सगळ्यांना बजावलेलं, "पोटभर खाऊन या." पारनेरचे एक आजोबा नातवाला घेऊन आले. नातू ढेकरा देतोय आणि आजोबांचा चेहरा पार उतरलेला.

"आजोबा, बरं नाही का?"

"पोरगं जेवलंय, उपाशी मी हाय. रक्त तपासायचं म्हंजी कुनीतरी उपाशी पायजे का न्हाई?"

*

ही तपासणी नगरात कुठली व्हायला! बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी एसटीने पुण्याला.

"काय हाय यात?" कंडक्टरने विचारलं.

"रक्त."

"मानसाचं?"

"शाळेच्या पोरांचं."

"मंग हाफ तिकीट!"

*

राजू त्या शाळेचा जुना विद्यार्थी, पंचविशीचा. नागापूरच्या कारखान्यात खोकी बांधायचा. सुई बघताच म्हणाला, "आधी तुमी." काय करणार? स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. तर हा माझ्या डोक्यावरून हात फिरवतो, "रडायचं न्हाई हं!"

*

काष्टीची मंगल मात्र जिवाला घोर लावायची. पंधरा वर्षांची, पण दिसायला आठ-नऊची. पोट सारखं बिघडलेलं, हातापायाच्या काड्या. तिच्या आईने कुणाचं तरी ऐकून गहू आधीच बंद केला आणि मग तपासणीला आणली.

बाई म्हणाल्या, "अहो, गहू पोटात नसेल तर तपासणी खरी येत नाही! काही आठवडे चपाती खाऊ द्या, मग या."

"ज्यानं दुखतंय त्येच चारू व्हय?" आईच्या डोळ्यांत पाणी. पण माउलीने चारलं. रिपोर्टात दोष निघाला, पुण्याला आतड्याचा तुकडाही तपासला. नक्की झालं. गहू जन्मभर बंद!

आई कळवळून म्हणाली, "आमी समदी भाकरीवर. हिला लेकरू नाजूक म्हनून चपाती केली, बाई. मीच केली!"

आणि बाप बाहेर तणतणतोय, "गावात माझ्यावानी गहू कुनाचा न्हाई, आन त्यालाच नावं ठेवता?"

*

पुढच्या हिवाळ्यात बाई आणि मी काष्टीला गेलो. शेतात गव्हाचं नाव नाही, सगळी ज्वारी!

"काय हो, यंदा गहू नाही?"

"ही वावरात हिंडती, गव्हाच्या वंब्या मोडून तोंडात घालती. किती राखन करनार?" बाप हुरडा भाजत म्हणाला. "मंग गहूच नको म्हनलं. आता खाऊ दे की किती खायाचं त्ये!"

तेवढ्यात मंगल आली. चक्क गाल आलेले! गरम हुरडा तळहातावर चोळला, फुंकर मारून फोलपटं उडवली आणि बांधावर बसलेल्या बाईंच्या पुढ्यात उभी राहिली.

"आ करा."

बाईंनी मुकाट्याने आ केला. मंगलने हुरडा तोंडात घातला, वाकून घशात बघितलं आणि बाईंच्या पोटावर हात ठेवला.

"दुखतंय का?"