यंत्राकडे कौल मागणारे आप्पा

जिंकल्यावर ज्याचं तोंड उतरतं असा जुगारी तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, हिरवा पडदा लावलेल्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. यंत्राच्या काचेवर चार दश्श्या आल्या, बाजूच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि आप्पा मात्र हात मांडीवर ठेवून नुसते बघत राहिले. पार्लरचा शेठ गल्ल्यावरून म्हणाला, "आप्पा, जिंकलाव की. सुतक आल्यासारखं काय बसलाव?" आप्पा उठले, टोपी झटकली आणि पडदा सारून बाहेर पडले. जिंकलेलं घ्यायलासुद्धा शेठला मागून हाक मारावी लागली. हरले की मात्र ते स्टँडवर भजी खायचे, समोर असेल त्याला खाऊ घालायचे आणि एसटीत खिडकीची जागा पकडून घोरत गावी जायचे.

आप्पा सास्तूरचे, लिंगायत. त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतर नवं गाव वसलं तेव्हा त्यांनी पिठाची गिरणी टाकली. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि भुवयांवर ज्वारीचं पीठ, त्यामुळं विभूती कुठं संपते आणि पीठ कुठं सुरू होतं ते कळत नसे. मराठीत बोलता बोलता रागावले की कानडीत जायचे आणि राग गेला की परत यायचे. घरात ते एकटेच. लग्न केलं नाही. गाव त्यांना 'कौल आप्पा' म्हणायचं आणि त्या नावामागं एक गोष्ट होती, जी आमच्या भागात लहान पोरालाही पाठ आहे.

गोष्ट अशी. गणपती विसर्जनाच्या रात्री विशीतले आप्पा मिरवणुकीतून घरी आले. दारापर्यंत आले आणि त्यांना आतून काहीतरी वाटलं: घरात जाऊ नये. ते अंगणातल्या बैलगाडीत झोपले. पहाटेआधी भूकंप झाला. माळवदाचं, मातीच्या जड छताचं घर खाली बसलं. आत अव्वा, म्हणजे त्यांची आई, आणि धाकटी बहीण होत्या. आप्पा वाचले. "त्यास्नी आधीच कळलं होतं," असं म्हणून गाव ही गोष्ट संपवायचं आणि सांगणारा आपला हात छातीवर ठेवायचा.

तेव्हापासून माणसं त्यांच्याकडं कौल मागायला यायची. बोअर कुठं मारायची, बैल कुठला घ्यायचा, पोरीला आलेलं स्थळ कसं आहे. बायका दळणाचा डबा ठेवता ठेवता विचारायच्या, "आप्पा, आतून काय येतंय बघा की जरा." आप्पा आधी नाही म्हणायचे, मग गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून डोळे मिटायचे, कारण नाही म्हटलं तर समोरचं माणूस हलायचं नाही. एकदा त्यांनी दाखवलेल्या जागी बोअर कोरडी गेली. मला वाटलं, आता तरी लोक शहाणे होतील. पण शेतमालक म्हणाला, "आप्पांनी बरोबरच दावलं होतं, गाडीवाल्यानं मशीन वाकडी लावली." दुसऱ्या एकाची मुलगी सासरहून परत आली तर तिचा बाप म्हणाला, "आप्पा 'बरं हाय' म्हनले खरं, पण लई हळू म्हनले. आमालाच समजलं न्हाय." आप्पांचा कौल चुकूच शकत नव्हता. चुकायचं ते गाव.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरी भाकरी बांधायलाही उरलेली पत्रकं असायची: हुंड्याविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची, दारूदुकानाविरुद्धची. त्यांच्या मथळ्यांवरून बोट फिरवत मी अक्षरं शिकले. पुढं संख्याशास्त्र घेऊन पदवी केली आणि त्या पार्लरविरुद्ध स्वतःचं पत्रक काढलं. ते वाटायला मी रोज हिरव्या पडद्याबाहेर उभी राहायचे. शेठ म्हणायचा, "ताई, गिऱ्हाईक भिऊन पळायलंय. तुमाला पगार देतो, पण घरी बसा." येणारेजाणारे कागद घेऊन त्यातच तंबाखू मळायचे. आप्पांनी मात्र तिथंच उभं राहून पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"शरणार्थ," ते हात जोडून म्हणाले. "तू लिव्हलंस का हे?"

"व्हय."

"चांगलं हाय. पण ह्यात लिव्हलंय, अंदाजानं खेळनारा लवकर बुडतो आनि गणितानं खेळनारा सावकाश. म्हंजे बुडतेत दोघंबी?"

"दोघंही. यंत्राची रचनाच तशी असते."

"मग गणित शिकून काय फायदा?"

"बुडायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस शहाणा होऊ शकतो."

ते हसले. "चल आत. दाव मला."

बाई आत आलेली पाहून शेठनं कपाळाला हात लावला, पण आप्पांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. त्यालाही नवी शाखा कुठं काढावी याचा कौल हवा होता. खेळ साधा होता. यंत्र पाच पत्ते दाखवतं. हवे ते 'होल्ड'चं बटण दाबून धरायचे, बाकीचे बदलून मिळतात. गुलामाची किंवा त्याहून वरची जोडी जमली तर लावलेले पैसे परत मिळतात, त्याच्या वर जितकं जमेल तितकं जास्त. मी त्यांना सांगितलं, हातात लहान जोडी असली तरी ती सोडायची नाही. एकट्या राणीच्या मोहानं अठ्ठ्यांची जोडी मोडणं म्हणजे पीठ सोडून नुसता डबा घरी नेणं. आप्पा मान हलवत होते. गिरणीवाल्याला माप कळतं. जोडी, चार पत्ते एका रंगाचे, मधला पत्ता नसलेली ओळ, काय धरायचं आणि काय सोडायचं ते त्यांना एका बैठकीत उमगलं.

पुढच्या वेळी मी पाहिलं तर काचेवर अठ्ठ्यांची जोडी होती, शेजारी बदाम राणी. आप्पांनी लिंगावर हात ठेवला, डोळे मिटले आणि राणी धरून जोडी सोडून दिली. काहीच आलं नाही. त्यांनी सुस्कारा टाकला, सुटल्यासारखा.

मी चिडले. "आप्पा, शिकवलं होतं ना? माहीत असून चुकीचं का खेळता?"

"तुझं गणित खरं हाय पोरी. पण गणितानं खेळलो तर ते गणिताचं खेळनं झालं. त्यात माझं मला काय कळनार?"

मला वाटलं, हट्टी माणूस आहे. इतकी वर्षं गावानं देव केलेला, आता एका पोरीपुढं मागं कसा येणार? ही अंधश्रद्धा मुळापासून उपटायची असं ठरवून मी सास्तूरला त्यांच्या गिरणीत जाऊ लागले. आमची वादावादी ऐकायला बायका मुद्दाम दळण घेऊन यायच्या. एक म्हातारी म्हणायची, "बोल गं बाई, बोल. तुझं ऐकता ऐकता पीठ बारीक निघतंय."

एका दुपारी लाईट गेली. बायका डबे ठेवून निघून गेल्या, पट्टा थांबला आणि गिरणीत एकदम इतकं शांत झालं की आप्पा स्वतःच्या आवाजालाच दचकले. मी माझं नेहमीचं टुमणं लावलं: आतून काही येत नसतं, तुम्ही लोकांना फसवता. ते रागावले नाहीत.

"आतून येत न्हाय म्हनतीस? खात्रीनं?"

"खात्रीनं."

"मग अजून एकदा म्हन."

मी पुन्हा म्हटलं. ते पोत्यावर बसले आणि पहिल्यांदाच ती गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकली. ती गावाच्या गोष्टीसारखी नव्हती.

"त्या राती मी दारापतूर आलतो. तिथून मागं फिरलो. का फिरलो ते मला याद न्हाय. उकडत हुतं, असं वाटतंय. पायाला गुलाल-चिखल हुता, अव्वा वरडंल, मनून फिरलो आसंन. का खरंच कायतरी वाटलं हुतं? गावानं इतक्यांदा सांगितलंय की आता मला तेच आठवतंय, मी थांबलो, छातीत हाललं. पन पोरी, मला जर कळलं हुतं, तर मी त्या दोघींला का उठवलं न्हाय?"

त्यांनी पोत्यावरचं पीठ तळव्यानं झटकलं.

"गाव म्हनतंय, आप्पाला कळलं. कौतिकानं म्हनतंय. त्याचा दुसरा अर्थ कुनी काडत न्हाय. मी काडतो. रोज."

मग त्यांनी पार्लरचं सांगितलं. माणसांना कौल दिला आणि तो चुकला तर माणसं सावरून घेतात, गाडीवाल्याला नाहीतर स्वतःला दोष देतात. यंत्र सावरून घेत नाही. "सगळ्या जिल्ह्यात तेवढं एकच हाय, जे मला तोंडावर म्हनतंय, आप्पा, तुला काय बी कळत न्हाय. हरलो की वाटतंय, बरं झालं. तवाबी कळलं नसंल. आनि जिंकलो की..." जिंकल्यावर काय होतं ते मला दिसलेलं होतं, त्या चार दश्श्यांच्या दिवशी.

मला जे येत होतं तेच मी केलं. मी म्हटलं, "आप्पा, हा प्रयोगच चुकीचा आहे. शंभर डाव हरलात काय आणि जिंकलात काय, त्या एका रात्रीबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय ते यंत्र सरळ पत्ते वाटतं याचाही भरवसा नाही."

"मग इचारू कुनाला?"

मी विचार करून म्हणाले, "भूकंपाआधी दर उन्हाळ्यात, दर सणाला, गावात कुणी ना कुणी अंगणात झोपायचंच ना? घामामुळं, भांडण झालं म्हणून, पिऊन आला म्हणून. त्यांना कुणी कौल म्हटलं नाही, कारण सकाळी घरं उभी होती. त्या रात्रीही तसेच कुणीकुणी बाहेर होते. बाहेर झोपणं रोजचंच होतं, आप्पा. भूकंप तेवढा रोजचा नव्हता."

आप्पांनी भुवयांवरचं पीठ पुसलं. "हे बरं बोललीस. हे पटायलंय." आणि मग, "पन हे मला पटून काय उपेग? मी एकटा म्हननार 'उकडत हुतं', आनि सगळं गाव म्हननार 'कळलं हुतं'. मी एकटा किती दिस टिकनार?"

मी पत्रकांची पिशवी बाजूला ठेवली. मग मी विचारलं, "बहिणीचं नाव काय होतं?"

आप्पांनी मान वर केली. एवढ्या वर्षांत कौल मागायला, मुलाखत घ्यायला, पाया पडायला इतकी माणसं आली, पण हे कुणी विचारलं नव्हतं, असं ते नंतर म्हणाले. "शेवंता," ते म्हणाले. "तिला गूळ लई लागायचा. भाकरीला न्हाय मिळाला तर रुसून माळवदावर जाऊन बसायची. गनपती बुडवायला मला बी ने म्हनत हुती. मी म्हनलं, तू बारकी हाईस, फुडच्या साली." मधेच लाईट आली. बायका डबे उचलायला परत आल्या. आप्पांनी खटका दाबला नाही. ते शेवंताबद्दल बोलत राहिले, कानडीत गेले, मराठीत आले, पुन्हा कानडीत गेले. बायका दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यातल्या एकीनंही त्या दिवशी कौल मागितला नाही.

त्यानंतर आप्पांचं पार्लरला जाणं कमी झालं. थांबलं नाही. मला तसं लिहायला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. मधूनच स्टँडवर दिसायचे. मी विचारायचे, "काय धरलं?" ते म्हणायचे, "आज अठ्ठ्या धरल्या, तुझ्यासाठी." गावानं मात्र त्यांना सोडलं नाही. गिरणीत शेवंताचं नाव एक दुपार निघालं, आणि दुसऱ्या सकाळी कुणीतरी नव्या घराच्या पायाचा कौल मागायला हजर होतं.

या हिवाळ्यात आप्पा गेले. छातीत पीठ बसलं होतं, डॉक्टर म्हणाले. मी पोहोचले तेव्हा लिंगायत रीतीप्रमाणं त्यांना बसवलं होतं, कपाळावर ताजी विभूती होती. चौकात फ्लेक्स लागला होता: आप्पांचा हसरा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात, 'ज्यांना भूकंप आधीच कळला'. मी त्यांच्या चुलत पुतण्याला म्हटलं, ही ओळ तेवढी काढा. त्याला खरंच कळलं नाही. "ताई, आमच्या घरान्याची ती शान हाय. ती काडली तर मग राहिलं काय?" शोकसभेत जो उभा राहिला त्यानं तेच सांगितलं, छातीवर हात ठेवून. मी बोलायला उठले, 'उकडत होतं' एवढंच म्हणाले आणि लोकांची चुळबुळ सुरू झाली. माझ्या मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बसवा तिला."

म्हणून हे इथं लिहिते आहे आणि तुमच्याकडं एक मागणं आहे. सप्टेंबर संपत आला की आमच्या भागात कॅमेरे येतात, पाहुणे येतात, भूकंपाच्या स्मारकापाशी भाषणं होतात. तुम्ही आलात, किंवा तुमच्याच गावात, तुमच्याच घरात पुरातून, अपघातातून, आजाराच्या साथीतून मागं राहिलेलं कुणी असेल, तर त्या माणसाला 'तुम्ही कसे वाचलात, तुम्हाला कसं कळलं' हे विचारू नका. घरात कोण कोण होतं ते विचारा. त्यांची नावं विचारा, त्यांना काय आवडायचं ते विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तरी उठून जाऊ नका.