मित्राच्या गाडीचा विमा

दुबईजवळच्या अजमानला मी माझ्या गाडीचा विमा रिन्यू करायला गेलो होतो. शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ सारखे पँटला तळहात पुसत काउंटरवरच्या मुलीला विनवत होते, "गाडी मेरी नहीं है, पर इन्शुरन्स मेरे नाम पे चाहिए." विमा गाडीचा निघतो, चालवणाऱ्याचा नाही, असं तिने सांगितलं.

मला फोनवर मराठीत बोलताना ऐकून ते माझ्याकडे वळले. चिपळूणकडचे होते आणि लायसन्स नवंकोरं होतं. दुसऱ्या दिवशी बायको पहिल्यांदाच इथे येणार होती. तिला विमानतळावरून आणायला मित्र आपली गाडी देणार होता. मित्राची पॉलिसी मी त्यांच्या मोबाइलवर वाचली.

"अहो, मालकाच्या परवानगीने चालवलीत तर हीच चालते."

"ते गाडीचं झालं, भाऊ," ते हळूच म्हणाले. "पण शेजारी ती बसणार ना."

मी त्यांना बाहेर पार्किंगमध्ये नेलं, त्यांच्या हातात माझ्या गाडीची चावी दिली आणि शेजारी बसलो. त्यांनी सावकाश एक चक्कर मारली आणि गाडी नीट जागेवर लावली. मी "झकास!" म्हटलं, तरी त्यांचे हात स्टीअरिंगवरून सुटेनात.

"उद्या तिच्याशी बोलत बोलत चालवू," त्यांनी विचारलं, "की गप्पच राहू?"